पाटाच्या पाण्याची पाळी विक्रीखतात लिहिलेली नसते. मग जमीन विकली की ती जाते कुठे?

शेपटाचं कुळागर | ९ फेब्रुवारी, रात्री ९:४०

फोंडा तालुक्यातलं आमचं गाव. नाव देत नाही, कारण आमच्याच वाड्यावरचे निदान चार जण इथे वाचायला येतात आणि त्यातले दोन सध्या माझ्याशी बोलत नाहीत.

सड्याच्या (जांभ्याच्या पठाराच्या) पायथ्याला झर, झरीचा व्हाळ, म्हणजे ओढा. तुळशीचं लग्न झालं की पुढच्या रविवारी व्हाळाला बांध घालायचा. दगड, माती, केळीचे गाभे, माडाची चुडतं. तिथून पाट निघतो आणि डोंगराच्या कुशीने दीडेक किलोमीटर उतरत नऊ हिस्सेदारांच्या कुळागरांना, म्हणजे पोफळीच्या (सुपारीच्या) बागांना, पाणी देतो. पाळी आठ दिवसांची. आजोबांच्या चोपडीत ती घटकांत लिहिलेली आहे, आमच्या ३० घटका. घटका २४ मिनिटांची धरली तर बारा तास. आम्ही सगळ्यात शेवटी. आमच्या पोफळी भिजल्या की उरलेलं पाणी खाली वायंगणाच्या (पावसाळ्यानंतरच्या भाताच्या) शेतात.

दोन वर्षांपूर्वी वरचा तिसरा हिस्सा विकला गेला. घरातली मुलं वास्को आणि मुंबईला, कुळागर बघणारं कोणी नव्हतं, त्यांना दोष देत नाही. घेणाऱ्याने पाच बंगले बांधायला काढले. गाडीरस्त्यासाठी पाट बुजवून खालून सहा इंची पाइप घातला आणि पाइपाच्या अलीकडे एक टाकी बांधली. या वर्षी माझ्या बारा तासांत अर्ध्या पोफळींची आळीसुद्धा भरत नाहीत. विचारायला गेलो तर सुपरवायझर म्हणाला, 'सर, ये हमारा प्रायव्हेट प्रॉपर्टी है, पानी भी इधर से ही जाता है.' म्हणजे आमच्या अंगणातून जातं म्हणून आमचं!

विक्रीखत मी पाहिलं. त्यात पाटाचा किंवा पाळीचा एक शब्द नाही. आमच्याही कागदात नाही. अशा वेळी माझा हक्क आहे की नाही? कोणाला अनुभव असेल तर सांगा.

पोफळीराव | ९ फेब्रुवारी, रात्री १०:०५

चोपडीचा फोटो काढून ठेव. आजच. वाळवीला तुझ्या खटल्याची वाट बघायची सवय नाही.

कुळागरची सून | १० फेब्रुवारी, सकाळी ६:१५

मी सत्तरी तालुक्यातली. लग्न होऊन आले तेव्हा पाळी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पहिल्याच महिन्यात सासूबाईंनी रात्री दोन वाजता उठवलं, हातात कंदील दिला आणि म्हणाल्या, चल, पाणी आपलं झालं.

पाणी येण्याआधी त्याचा आवाज येतो. सुका पाट असतो, त्यात पोफळीची, फणसाची पानं पडलेली. पाण्याचं तोंड ती पानं पुढे ढकलत येतं, आधी नुसती खसखस, मग फेसाळ मातकट ओळ. ते दिसलं की वरच्याचं तोंड मातीच्या ढेकळांनी आणि विरीने (पोफळीच्या झावळीच्या रुंद देठाने) बंद करायचं आणि आपलं उघडायचं. वरचा माणूस तिथे हजर असायचा. त्याच्यासमोरच बंद करायचं, त्याच्या पाठीमागे नाही. या एका गोष्टीवर मी माझ्या सासऱ्यांना दुसऱ्यावर ओरडताना ऐकलंय, एरवी त्यांचा आवाज घराबाहेर गेला नाही.

आमच्याकडे कागद कधीच नव्हता. नियम होता. बांध घालायच्या दिवशी आणि पाट उपसायच्या दिवशी घरटी एक माणूस, खोरं घेऊन. येता येत नसेल तर गडी पाठवा. तेही नाही, तर पहिली पाळी गेली. विधवेच्या घराला माफी होती. म्हणून मला विचाराल तर दादा, तुमचा प्रश्न थोडा उलटा आहे. पाइप घालणारा पाट उपसायला येतो का, हे आधी बघा. आणि तुम्ही गेला होतात का?

शेपटाचं कुळागर | १० फेब्रुवारी, सकाळी ८:३०

काकी, खरं सांगतो. गेल्या दोन वर्षांत नाही गेलो. पणजीला नोकरी, रविवारी काहीतरी निघतंच. मजुरीचे पैसे पाठवले होते.

कुळागरची सून | १० फेब्रुवारी, सकाळी ८:४४

पैसे पाटातली कुर्ल्यांची बिळं बुजवत नाहीत.

सर्व्हेतला निवृत्त | १० फेब्रुवारी, दुपारी १२:२०

तुमचे कागद नीट बघितलेत का? विक्रीखत हा शेवटचा कागद. पहिला नव्हे.

एक-चौदाचा उतारा (आपल्याकडचा सातबारा) घ्या. तुमचाही आणि त्या विकलेल्या जमिनीचाही. लोक कब्जेदाराचं नाव बघतात आणि घडी घालून ठेवून देतात. त्यात 'इतर हक्क' असा रकाना आहे, आणि पिकांच्या तपशिलात सिंचनाचं साधन लिहायची जागा आहे. तिथे तुमच्या नावावर 'पाट' किंवा 'नाला' लिहिलेलं निघालं तर पाणी तुमच्या बागेला बाहेरून येतं हे सरकारनेच मान्य केलेलं आहे. कोरं निघालं तर घाबरू नका, माझ्या अनुभवात बरेच कोरेच असतात. मोजणीला गेलेल्या माणसाने ऊन बघितलं आणि सावलीत बसून रकाने भरले, असंही झालेलं आहे. (मीही त्यातलाच एक, आता निवृत्त झालोय म्हणून लिहितो.)

नकाशाचं म्हणाल तर व्हाळ दिसेल. हातभर रुंदीचा पाट दिसेलच असं नाही. नकाशात नाही म्हणजे जमिनीवर नाही, असा अर्थ होत नाही, पण समोरचा वकील तोच काढणार. त्यासाठी पोर्तुगीज काळातले कागद शोधा. घरात वाटणी झाली असेल तर इन्व्हेंतारचे (वारसांतल्या वाटणीचे) कागद असतील. जुन्या वाटणीपत्रांत जमिनीच्या चतुःसीमेत 'पूर्वेला पाट' असं हमखास सापडतं. शेजाऱ्याच्या कागदात सापडलं तरी चालतं.

भाटातला भूपाळी | १० फेब्रुवारी, दुपारी १:०२

म्हादईचं पाणी लवादाने २०१८ साली वाटलं. गोव्याला २४ टीएमसी, कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३. दशांशाच्या दोन घरांपर्यंत. आणि आमच्या वाड्यावरचं पाणी अजून 'तुझ्या आजोबांनी माझ्या आजोबांना सांगितलं होतं' यावर चालतं.

तिळारीकाठ | १० फेब्रुवारी, दुपारी ३:३०

दशांशाने पाणी येत असतं तर काय हवं होतं! तिळारी धरणाच्या पाण्यात गोव्याचा वाटा ७३.३० टक्के, महाराष्ट्राचा २६.७०. करार १९९० चा. म्हणून माझ्या शेताच्या शेवटच्या चारीला पाणी वेळेवर येतं असं नाही. शेपटाला असणाऱ्याचं दुखणं कालव्यावरही तेच आणि पाटावरही तेच.

फरक एवढाच की कालव्याच्या लाभक्षेत्रातली जमीन बिगरशेतीला वळवायला १९९७ चा लाभक्षेत्र विकासाचा कायदा आडवा येतो. तुमच्या खाजगी पाटाला असलं कवच नाही. २०२३ साली शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध घालणारा जो कायदा आला तोही भातशेतीपुरता. कुळागर त्यात बसत नाही. तुमच्या खालचं वायंगण सुरक्षित आणि त्याला पाणी देणारं वरचं कुळागर विक्रीला मोकळं, अशी गंमत आहे.

वकीलबाई (फोंडा) | १० फेब्रुवारी, रात्री ८:५०

सुपरवायझरच्या कायद्यापासून सुरुवात करते. पाणी ज्याच्या जमिनीतून वाहतं त्याचं ते होत नाही. जमिनीवर जसा वाटेचा हक्क असतो तसा पाण्याचाही असतो. २० वर्षं उघडपणे, कोणाची परवानगी न मागता आणि खंड न पडता तुम्ही ते पाणी घेत आला असाल तर तो हक्क पिकतो. आणि तो जमिनीला चिकटलेला असतो, माणसाला नाही. मालक बदलला म्हणून तो जात नाही. विक्रीखतात लिहिलेला नाही म्हणूनही जात नाही. विकणाऱ्याला जेवढं विकता येत होतं तेवढंच घेणाऱ्याला मिळालं. पाटाचा भार त्याच्या जमिनीवर होता, तो त्याने भारासकट घेतला.

जुन्या पोर्तुगीज कागदात 'सेर्व्हिदांव' हा शब्द दिसला तर तो कागद जपून ठेवा. दुसऱ्याच्या जमिनीवरच्या हक्काला तेव्हा तोच शब्द होता. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून तो आपल्याकडे आला.

आता कुठे जायचं. सगळे थेट दिवाणी कोर्टाचं नाव घेतात. आधी मामलेदार. गोव्यात १९६६ चा मामलेदार कोर्टाचा कायदा आहे आणि शेतीच्या पाण्याची वाट कोणी अडवली तर ती मोकळी करून देण्याचा अधिकार मामलेदाराला आहे. तिथे मालकी सिद्ध करत बसावं लागत नाही. वापर होता आणि तो बेकायदा अडवला गेला, एवढं दाखवायचं. पण तिथे उशीर चालत नाही. दोन वर्षं गप्प बसून 'आता अडवलं' म्हणून उभे राहिलात तर पहिला प्रश्न तारखेचा येईल. पाइप कधी घातला, टाकी कधी बांधली, सगळ्याच्या तारखा आधी लिहून काढा. टाकी या हिवाळ्यातली असेल तर ती वेगळी हरकत आहे.

आणि एक, फी न घेता. चोपडी पुरावा आहे, पण नऊ हिस्सेदारांपैकी पाच जणांनी साक्ष दिली तर तो त्याहून मोठा पुरावा आहे. जे दोघे तुमच्याशी बोलत नाहीत त्यांच्याकडे आधी जा.

डिचोलीचा | ११ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

आम्ही पाट कोर्टात नाही हरलो, झरीत हरलो. खाणींचे खंदक पाण्याच्या पातळीखाली गेले, आतलं पाणी रात्रंदिवस उपसलं, आणि आमच्या झरी एकेक करून बारीक झाल्या. २०१२ ला खाणी थांबल्या, मग सुरू झाल्या, २०१८ ला पुन्हा थांबल्या. आमच्या वाड्यावरची झर काही परत आली नाही. त्यामुळे तुमच्या वरच्या सड्यावर कोणी बोअर मारतोय का ते बघा. सडा म्हणजे जांभा, आणि जांभा म्हणजे स्पंज. पावसाळ्यात पितो, मेपर्यंत थेंब थेंब सोडतो. त्यालाच भोकं पडली तर पाटावर भांडून उपयोग नाही. विहीर किंवा बोअर खणायला २००२ च्या भूजल कायद्याखाली परवानगी लागते, टँकरने पाणी वाहायलाही लागते. परवानगी आहे का हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

ठिबकप्रेमी | ११ फेब्रुवारी, सकाळी ९:२५

इतकं कशाला? ठिबक घाला. अनुदान आहे. पोफळीला पाटाने एका वेळी १७५ लिटर लागतात. ठिबकने रोज १६ ते २० लिटरांत भागतं. हेक्टरी १३०० झाडं धरली तर उन्हाळ्यात पाच दिवसांनी एकदा शिंपलं तरी दिवसाला सरासरी ४५ हजार लिटर, ठिबकने २६ हजार. नऊ जणांनी मनावर घेतलं तर भांडणच मिटलं.

पोफळीराव | ११ फेब्रुवारी, सकाळी ९:५०

हिशेब बरोबर, पण कुळागर एकट्या पोफळीचं नाही. माड, केळी, पोफळीवर चढलेली मिरी, जायफळ, खाली अननस, सगळी एकाच ओलाव्यावर जगतात. ठिबकची नळी पोफळीच्या बुंध्याशी थेंब सोडते, जायफळाने काय करायचं?

आणि वाया जातं म्हणता ते पाणी जातं कुठे? पाटातून मुरलेलं पाणी खालच्या विहिरींत येतं. आमच्या वाड्यावर दोघांनी पाट सोडून पंप बसवले, दोन उन्हाळ्यांत खालच्या घराची विहीर मार्चमध्येच तळाला गेली. पिढ्यानपिढ्या त्या घराला वाटायचं की विहीर आपली.

पंपाचाही हिशेब करा की. पाच एचपीचा पंप तीस मीटर चढावर सेकंदाला सहा लिटरच्या आसपास ओढतो. आमच्या पाटात फेब्रुवारीत एकूण पाणीच तेवढं असतं. एका माणसाने बटण दाबलं की आठ जणांची पाळी संपली.

ठिबकप्रेमी | ११ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

विहिरीचं पटलं. जायफळाचं नाही पटलं, त्यालाही वेगळी नळी देता येते. पण असो.

हिंजवडीचा पाहुणा | १२ फेब्रुवारी, रात्री ११:१५

तीन दिवस वाचतोय, लिहावं की नाही ठरत नव्हतं. धागाकर्ते, तुमच्या चारपैकी एक वाचक मी. पाचव्या हिस्स्यातली जमीन माझी आहे. पाइपवाले आम्ही नव्हे, त्यांच्या खालचे आम्ही. आणि तुमच्याशी न बोलणाऱ्या दोघांतलाही मी नाही, कारण आपण कधी बोललोच नाही.

पुण्याहून चार वर्षांपूर्वी आलो. दलालाने जाहिरातीत लिहिलं होतं की आवारातून बारमाही झरा वाहतो. मला वाटलं, निसर्गाची देणगी. पहिल्या उन्हाळ्यात बायकोने पाटाच्या कडेला दगड रचून छोटा डोह केला, मुलं पाय सोडून बसायची. एक दिवस खालून एक आजोबा आले, खोऱ्याच्या दोन घावांत डोह फोडला आणि एक शब्द न बोलता निघून गेले. आम्ही घाबरलो. पुढचा महिनाभर 'गावातले लोक असे' म्हणून पुण्याला फोनवर सांगत होतो.

आज कळतंय ते काय होतं. पण मला हेही विचारायचंय की एकाही माणसाने येऊन 'हा पाट आहे, याची पाळी आहे, बांधाला तुमचा एक माणूस लागतो' असं का नाही सांगितलं? तुम्हाला हे आईच्या दुधातून कळतं. मला विक्रीखतातून कळायला हवं होतं, त्यात नव्हतं.

शेपटाचं कुळागर | १२ फेब्रुवारी, रात्री ११:४०

डोह फोडणारे माझे वडील. आता नाहीत ते.

रविवारी घरी असाल तर येतो.

भाटातला भूपाळी | १३ फेब्रुवारी, सकाळी ७:००

संस्थळाच्या इतिहासात प्रथमच एक धागा उपयोगी पडणार असं दिसतंय. मी चहा घेऊन बसतो.

सर्व्हेतला निवृत्त | १३ फेब्रुवारी, सकाळी ११:१०

पाहुण्यांचा प्रश्न रास्त आहे. पूर्वी सांगायला गावकारी होती, म्हणजे कोमुनिदाद, गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणारी संस्था. तिच्या जमिनीची पावणी (लिलाव) व्हायची, त्या उत्पन्नातून बांधाचा, पाटाचा खर्च निघायचा, आणि नियम मोडणाऱ्याला विचारणारं कोणीतरी होतं. १९६४ चा कूळ कायदा आला, १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कुळं मालक झाली. ते व्हायलाच हवं होतं, माझे वडील कूळच होते. पण शेत वाटलं गेलं तसा बांध कोणी वाटून घेतला नाही. सरकार म्हणतं शेतकऱ्यांचा, शेतकरी म्हणतो सरकारचा. खाडीकाठच्या खाजन शेतांच्या मानशींची (पाणी अडवायच्या दारांची) हीच गत, ती लोकांना दिसते कारण तिथे खारं पाणी आत घुसतं. कुळागराचा पाट सुकतो तेव्हा आवाज होत नाही.

इंजिनियर आत्याबाई | १३ फेब्रुवारी, दुपारी ४:४५

सगळे बोलताय, मोजलंय कोणी? 'अर्धं झालं' यावर कोणाला पकडणार?

पत्र्याचा तुकडा घ्या, त्यात काटकोनी इंग्रजी व्हीसारखी खाच कापा, पाटात आडवा रोवा, कडा चिखलाने बंद करा. सगळं पाणी खाचेतूनच गेलं पाहिजे. मग मागे दोन हातांवर पट्टी उभी करून खाचेच्या टोकापासून पाणी किती सेंटिमीटर वर आहे ते वाचा. पट्टी खाचेतच धरू नका, तिथे पाणी वाकलेलं असतं आणि आकडा कमी येतो. दहा सेंटिमीटर असेल तर सेकंदाला साधारण ४.४ लिटर. तीन ठिकाणी मोजा. बांधाखाली, पाइपाच्या खाली आणि तुमच्या तोंडाशी. तेही एकाच सकाळी, कोणाचंही तोंड उघडं नसताना.

शेपटाचं कुळागर | २३ फेब्रुवारी, रात्री १०:२०

मोजलं. पाहुणे (आता नाव माहीत आहे, पण इथे पाहुणेच) पत्रा कापून घेऊन आले, खाच मिलिमीटरला बरोबर. माझ्याशी न बोलणाऱ्या दोघांपैकी एक काका लांब उभे राहून बघत होते. दुसऱ्या ठिकाणी पट्टी धरायला आपणहून आले.

आकडे देतो. बांधाखाली ११.५ सेंमी, म्हणजे सेकंदाला ६.२ लिटर. पाइपाखाली ९ सेंमी, म्हणजे ३.३. माझ्या तोंडाशी ७ सेंमी, १.८.

पाइपाशी जवळजवळ तीन लिटर जातात. ते टाकीतच जात असणार म्हणून मी तावातावाने बघायला गेलो. टाकी भरलेली होती आणि तिचा कॉक बंद होता. झालंय असं की पाइपाच्या तोंडात पाला आणि कोणाची तरी जुनी विरी अडकून मागे पाणी तुंबलंय आणि पाटाच्या कडेवरून परत व्हाळात सांडतंय. सहा इंची पाइप, वरून जाळी नाही, कोणी साफ करत नाही. टाकी पाणी घेते ते घेतेच, पण माझ्या पाळीचं खरं नुकसान चोरीने नाही, तुंबल्याने होत होतं. बांधावरचं सांडलेलं पाणी बघून मला राग यायला हवा होता, पण हसू आलं. दोन वर्षं मी टाकीवर डोळा ठेवून होतो.

आणि पाइपाखालून माझ्यापर्यंत येताना आणखी दीड लिटर जातं. तो रस्ता आमचा, नऊ जणांचा. तिथे ना बंगला ना पाइप. गुडघाभर गवत, दोन ठिकाणी कड खचलेली, आणि कुर्ल्यांची बिळं मोजायची सोडून दिली. एका बिळाशी कान लावला तर आत पाणी वाहण्याचा आवाज येत होता. काकी, तुम्ही दहा तारखेला लिहिलं होतंत तेच.

माझ्या ६०० पोफळी. १७५ लिटरने १,०५,००० लिटर. बारा तासांत १.८ ने मिळतात ७७ हजार. म्हणजे हिशेबाने पाव बाग कोरडी, मी म्हणत होतो तशी अर्धी नाही.

कुळागरची सून | २४ फेब्रुवारी, सकाळी ६:०५

बिळात नुसती माती कोंबू नका, कुर्ली रात्रीत काढते. आधी दगड, मग चिकणमातीत सुकं गवत कालवून ठासा, वरून पायाने दाबा. उन्हात एक दिवस पाट कोरडा ठेवता आला तर उत्तम.

वकीलबाई (फोंडा) | २४ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

आकडे तारखेसकट कागदावर लिहा आणि हजर असलेल्यांच्या सह्या घ्या. पाइपाचं तोंड तुंबतं हीच अडवणूक आहे, हेतू असो वा नसो. अर्जात 'पाणी चोरतात' असं लिहू नका. 'पाटाचा मार्ग अरुंद केल्याने प्रवाह ६.२ वरून ३.३ लिटरवर आला' असं लिहा. मामलेदाराला चोर नको असतो, जागा बघायला हवी असते.

भाटातला भूपाळी | २४ फेब्रुवारी, सकाळी ९:५५

आत्याबाईंना पत्र्यासकट सन्मानचिन्ह द्या.

शेपटाचं कुळागर | ३० मार्च, रात्री ९:१०

बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं म्हणून लिहितो.

अर्जावर नवांपैकी सहांच्या सह्या झाल्या. सातवे काका म्हणाले, सही नाही करत, पण पाट उपसायला येतो. आठवे मुंबईत. उरलेला एक हिस्सा बंगल्यांचा. मामलेदार कार्यालयातून जागेची पाहणी झाली, पुढची तारीख एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आहे. पाइप अजून आहे. बंगलेवाल्यांच्या वकिलाचं म्हणणं असं की पाट नकाशात नाही. सर्व्हेतल्या निवृत्तांनी सांगितलेलं खरं निघालं. पण शेजारच्या काकांकडे (तेच, सह्या न करणारे) त्यांच्या आजोबांचं पोर्तुगीज वाटणीपत्र निघालं. त्यात पाटाचा उल्लेख आहे. भाषांतर करून घेतोय.

माझ्या एक-चौदावर सिंचनाचा रकाना कोरा. काकांच्या उताऱ्यावर 'नाला' लिहिलेलं सापडलं. शेजारच्या बागेत बसून रकाने भरले असावेत.

पाट उपसायचं १५ मार्चला ठरवलं. अकरा माणसं आली. पाहुणे पांढरे बूट घालून आले, पहिल्या दहा मिनिटांत एक बूट चिखलात राहिला, तो शोधायला खोरं मारावं लागलं. दोघं मुलं कुर्ल्या पकडत होती, त्यांची आई हातात बादली घेऊन 'नको, नको' म्हणत होती आणि बादली पुढेच करत होती. बंगल्यांकडून कोणी आलं नाही. दुपारी मात्र तोच सुपरवायझर आला आणि पाइपाच्या तोंडाला जाळी बसवून गेला. मालकाने सांगितलं की त्याच्या मनाने, विचारलं नाही.

माझ्या तोंडाशी आज सकाळी साडेआठ सेंटिमीटर होतं. २.९ लिटर. बारा तासांत सव्वा लाखाच्या आसपास. वायंगणालाही थोडं उतरलं. सड्यावरच्या बोअरचं मी विचारलंय, परवानगीची प्रत मागितली आहे.

पाहुण्यांना पाळीत घेतलं. जुन्या मालकाच्या २४ घटका होत्या, त्याच दिल्या. ते घड्याळ लावून उभे राहतात, पाच मिनिटं आधी तोंड उघडायला जातात आणि काका त्यांना हाताने थांबवतात.

हिंजवडीचा पाहुणा | ३० मार्च, रात्री ९:३५

तीन मिनिटं आधी. पाच नाही.

कुळागरची सून | ३१ मार्च, सकाळी ६:००

दादा, मिरीच्या वेलांना पाणी लागलं का? पोफळी तगतात, मिरी आधी माना टाकते.

शेपटाचं कुळागर | १ एप्रिल, रात्री १:४०

खालच्या दोन रांगांतले सात वेल गेले, काकी. बाकीच्यांना नवी पालवी दिसतेय. आज पाळी दोनला आहे, पाणी वळणाशी आलं असेल. जातो.